चावून खायचं दूध

शिंपी उसवलेल्या सदऱ्यात हिंडतो, सोनाराच्या बायकोच्या गळ्यात नुसती काळी पोत असते, हलवायाला गोडाचा वास नको होतो. ही माणसं आपण चालवून घेतो. पण दूध न पिणारा गवळी कुणी चालवून घेत नाही. लोक आधी त्याच्या तोंडाकडं बघतात आणि मग त्याच्या कळशीकडं.

पूर्णेच्या लिंबाजी गवळ्याचं निम्मं आयुष्य या दोन नजरांमध्ये गेलं. निजामाच्या रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं गावात बाबू, ड्रायव्हर, गार्ड, खलाशी सगळे दुधाला बांधलेले. पहाटे लिंबाजी कावड खांद्यावर घेऊन रेल्वेच्या क्वार्टरांतून निघाला की लांबून असं वाटे की दोन कळश्या आपल्या आपणच हवेत चालल्यात आणि त्यांच्यामधे कुणीतरी धोतर वाळत घातलंय. इतका तो किडकिडीत. गवळ्यानं कसं पाहिजे? मान रुंद, दंड भरलेले, मिशीला साईची चमक. लिंबाजीची मिशीसुद्धा उपाशी दिसायची.

स्टेशनमास्तरांच्या पार्वतीबाईंनी एकदा त्याला सरळच विचारलं, "लिंबाजी, तू घेतोस का रे हे दूध?"

"न्हाई, बाई."

"का?"

"सोसत न्हाई मला."

"मग आम्हाला कसं सोसेल?"

"तुमाला सोसंल असं करून आणताव की," लिंबाजी म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळायच्या आत दोन घरं पुढं गेला.

त्याचं दुखणं तसं साधं होतं. दुधाचा घोट पोटात गेला की तिथं लोको शेडचं काम सुरू व्हायचं. आधी गुरगुर, मग वाफ, मग शिट्टी, आणि त्यानंतर ती गाडी कुठल्याही फलाटावर थांबायची नाही. तूप चालायचं. ताक चालायचं. दूध म्हटलं की सिग्नल पडला. आई कडूबाईनं सुंठ घालून बघितली, ओवा घालून बघितला, हळद तर इतकी की पोरगं आतून पिवळं झालं असेल. परभणीच्या उरुसातून ताईत आणला. ताईत बरीच वर्षं टिकला, दूध एक दिवसही टिकलं नाही.

"चार म्हशी दावणीला आन् पोटात दुष्काळ," कडूबाई म्हणायची. "बाहीर कुणाला सांगू नको बाबा."

पण न सांगून भागत नव्हतं, कारण त्यांच्या गवळ्यांत एक रीत होती. सोयरीक जुळायची ती कुंडलीवर नाही, लोट्यावर. मुलाकडची मंडळी आली की मुलीचा बाप दावणीतल्या सगळ्यात तापट म्हशीची धार काढायचा, आणि तो धारोष्ण दुधाचा लोटा भावकीसमोर नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा. मुलानं तो उभ्यानं खाली करायचा आणि मग मंडळींत मांडी घालून सुपारी फुटेपर्यंत बसायचं. घरचं दूध पोटात ठेवून दाखवलं म्हणजे घरची लेकही नीट ठेवील, असा त्यातला हिशोब. कुणाच्या पणज्यानं हा शोध लावला देव जाणे. त्या पणज्याचं पोट मात्र चांगलं असणार.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी मुंजाजी गवळ्याचं घर होतं. भरली दावण, मोठा माणूस, आवाज असा की त्यानं पलीकडच्या काठावरची म्हैस नावानं हाक मारली तर ती पाण्यात उतरायची. त्याची लेक मनकर्णा. एका माघात कडूबाई लिंबाजीला घेऊन परभणीला गाडी बदलून गंगाखेडला गेली. वाटेत तिनं त्याला भरपूर ओवा चारला होता. लोटा हातात आला. लिंबाजीनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि प्यायला. लोटा खाली झाला, मंडळी वाहवा म्हणाली, मुंजाजीनं मिशीवरून हात फिरवला, आणि किशनरावांनी सुपारीला अडकित्ता लावला. हे किशनराव म्हणजे मुंजाजीचे मेहुणे, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. अडकित्ता वाजायच्या आधी लिंबाजीचं पोट वाजलं.

तो उठला. कुणाची परवानगी न घेता मागच्या दारानं निघाला. परसात मनकर्णा भांडी घासत होती. तिनं वर बघितलं, त्याचा चेहरा बघितला, आणि घासत असलेला तांब्या पाण्यानं भरून पुढं केला.

"डावीकडनं जावा," ती म्हणाली. "उजवीकडं काटे हायत."

जन्माच्या गाठी कुठं बांधल्या जातात याबद्दल पुष्कळ मतं आहेत. लिंबाजीची तिथं बांधली गेली. परत येताना त्यानं तांब्या नदीच्या वाळूनं लख्ख घासला, पाण्यानं भरला आणि कुंपणाच्या खांबावर ठेवला. मनकर्णानं तो बराच वेळ तसाच ठेवला म्हणे.

आत मुंजाजी मंडळींना सांगत होता, "ज्याच्या पोटात म्हशीचं दूध टिकत न्हाई, त्याच्या घरात माझी लेक काय टिकल?" सोयरीक मोडली. किशनरावांनी तिथंच मानवतच्या भुजंगाचं स्थळ काढलं. हा भुजंग एकामागं एक दोन लोटे पितो, ढेकर देतो, आणि तिसऱ्याकडं बघतो.

पूर्णेला येताना गाडीत लिंबाजी म्हणाला, "माय, लग्न करीन तर हिच्याशीच."

"लोट्याचं काय?"

"ते न्हाई माहीत."

इथं गार्ड मिनेझिस येतात. मूळचे गोव्याकडचे, बेळगावात वाढलेले, हिंगोलीच्या गाडीवर गार्ड. माणूस एकटा, बोलका आणि खाण्याचा दर्दी. बेळगावाजवळ त्यांची मावशी होती. ती दोन गाई पाळायची आणि दुधाचं चीज करून वर्ष-वर्ष माळ्यावर वाळत ठेवायची. त्याची पिवळी चाकं अधूनमधून पार्सलानं पूर्णेला यायची. पार्सलबाबू म्हणायचा, साहेबाच्या बैलगाडीचं कायतरी मोडलंय.

एका पहाटे मिनेझिसांनी दूध घेताना लिंबाजीकडं नीट बघितलं. "अरे, तू आणि तो सिग्नलचा खांब, दोघंच जागे असता या वेळेला. पण खांब तरी रंगवलेला असतो. धर, हे घे." आणि चाकाचा एक मोठा तुकडा कागदात बांधून त्याच्या हातात दिला. तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली आणि गार्डसाहेब हिरवा बावटा घेऊन पळाले. हे काय, कशाला, कुणासाठी, काही सांगायला सवड नव्हती.

लिंबाजीनं पुडी उघडली. पिवळा, टणक, गुळगुळीत, कोपरे धारदार, वास असा की नाकानं एक पाऊल मागं घेतलं. साहेबानं साबण दिला, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. आपण अंगाला वास मारत असू, असंही त्याला वाटलं आणि थोडा रागही आला. दुपारी म्हशी नदीवर नेल्या तेव्हा त्यानं तो साबण आधी हरणीच्या पाठीला लावून बघितला. हरणी म्हणजे त्याची आवडती म्हैस. घासला, घासला, फेस काही येईना. पाठ नुसती तुपाळ झाली. हरणीनं मान वळवली, आपली पाठ चाटली, थोडा विचार केला आणि पुन्हा चाटली. मग तिनं लिंबाजीच्या हातातला तुकडाच चाटला.

म्हशीला साबण आवडतो हे लिंबाजीला माहीत नव्हतं. त्यानंही जीभ लावली. खारट. जुन्या खोबऱ्यासारखं काहीतरी, शेवटी थोडी गोडी. तोडायला दात लागले. एक घास, दुसरा घास. नदीच्या काठी बसून त्यानं सगळाच तुकडा संपवला. मग तहान लागली. एवढं मीठ पोटात गेल्यावर आणखी काय होणार? त्या दिवशी पूर्णा नदीची पातळी लिंबाजीमुळं उतरली, असं पुढं मिनेझिस सांगायचे.

संध्याकाळी पाणी मागायला तो त्यांच्या दारात गेला, तेव्हा खरी गोष्ट कळली.

"अरे, साबण कुठला? दूध आहे ते. दुधाचंच केलेलं."

लिंबाजी खाली बसला. दोन्ही हात पोटावर ठेवून गाडी सुटायची वाट बघू लागला. मिनेझिसही घाबरून त्याच्यासमोर बसले. अंधार पडला. पोट गप्प होतं. लिंबाजीनं पोटाला बोटानं डिवचून बघितलं. तरी गप्प.

दुसऱ्या दिवशी तो रेल्वेच्या दवाखान्यात दिनकरराव डॉक्टरांकडं गेला. बरं वाटतंय अशी तक्रार घेऊन आलेला हा त्यांचा पहिलाच पेशंट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ, दुधात एक साखर असते, गोड लागत नाही फारशी, पण असते. तुझं आणि त्या साखरेचं वैर दिसतंय. चीज करताना दूध फाटलं की ती बरीचशी निवळीबरोबर वाहून जाते. राहिली-साहिली ती मुरण्यात संपते. वर्षभर मुरलेल्यात नावालासुद्धा उरत नसणार. तूप-ताक चालतं म्हणतोस ना? मग हे चालेल."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं सगळं राहतं. उलट आटून एकवटतं. मांस धरायला जे लागतं ते, हाडाला चुना लागतो तो. अंगठ्याएवढ्या तुकड्यात पेलाभर दुधाचा कस असेल बघ. पण अंगठ्याएवढाच. मीठ फार असतं, तूपही काही कमी नसतं. काल खाल्लंस तसं ढेकूळ खाल्लंस तर एक रोग जाऊन दुसरा येईल."

"म्हंजे माझं पोट बरं झालं?"

"नाही रे. पोट तेच आहे. दूध बदललं."

आता राहिली कडूबाई. गवळ्याच्या घरात दूध फाटणं म्हणजे अपशकुन. चुलीवर चुकून फाटलं तरी ती म्हशीच्या कानात माफी मागून यायची. आणि हे तर मुद्दाम फाडलेलं, वर वर्षभर ठेवलेलं.

"नासलेलं दूध खातोस? म्हशी आटतील."

"हरणीनंच आधी खाल्लं, माय."

कडूबाई मिनेझिसांकडं गेली आणि तिनं नेमका प्रश्न विचारला. "याला विरजण कशाचं लावत्यात?"

मिनेझिस जरा चपापले. साहेब लोक वासराच्या पोटातलं काही वापरतात हे त्यांना ठाऊक होतं. पण मावशीचा नवरा मांस न खाणारा, त्यामुळं तिची तऱ्हा वेगळी होती. "अंजिराच्या झाडाचा चीक, आई. कोवळी फांदी मोडली की येतो ना, तो. चार थेंब."

"अंजीर म्हंजे उंबराच्या भावकीतलाच की."

"चुलतभाऊ."

"मग दत्ताच्या झाडाच्या नात्यातलं हाय," कडूबाई म्हणाली. विचार करून तिनं निकाल दिला की खायला हरकत नाही, पण घरात नको, गोठ्यात ठेवायचं. तेव्हापासून मिनेझिसांनी दिलेल्या चाकाचा मुक्काम हरणीच्या डोक्यावरच्या कोनाड्यात पडला. मधूनमधून हरणी वर बघून जीभ फिरवायची. घरात त्याला वडी म्हणायला लागले.

रोज अंगठ्याएवढी वडी आणि ज्वारीची भाकर. उन्हाळा संपेपर्यंत लिंबाजीची मान दिसायला लागली. पावसाळ्यात दंड आले. मिशीनं उपास सोडला. पार्वतीबाई शेजारणींना सांगू लागल्या, "आता पितो वाटतं. दूध चांगलं असणार." लिंबाजीनं दूध होतं तसंच ठेवलं होतं, पाण्यासकट. गिऱ्हाईक वाढलं.

पण मनकर्णाचं काय? अंगात कितीही मांस आलं तरी लोटा काही लहान झाला नव्हता. तिकडून खबर यायची ती वाईटच. भुजंगाच्या स्थळाचं किशनराव माघात पक्कं करणार. आणि मग आषाढात आणखी एक खबर आली. लोट्याचं दूध जिचं काढायचे, त्याच तापट म्हशीनं मुंजाजीला लाथ मारली आणि नडगीचं हाड मोडलं.

"जाऊन ये," कडूबाई म्हणाली. "सोयरीक मोडली म्हणून माणुसकी मोडत न्हाई." आणि पदराआडून वडीची पुरचुंडी तिनंच त्याच्या हातात दिली.

मुंजाजी बाजेवर पडला होता. बाज मागच्या दाराला लागून टाकलेली. लिंबाजीला तो ओळखूच येईना. गाल बसलेले, आवाज खोल गेलेला. हाडवैद्यानं पाय बांबूच्या कामट्यांत बांधून वर टांगला होता. उशाशी दुधाचा लोटा. बाजेखाली घरचा कुत्रा, ढोलकीसारखा फुगलेला, डोळे अर्धे मिटून पडलेला.

"कसं हाय, मामा?"

"बघायलास न्हवं? टांग वर, जीव खाली."

"खाणंपिणं?"

"दूध. दोन शेर रोज. वैद्याचा हुकूम हाय."

लिंबाजीनं लोट्याकडं बघितलं. मग कुत्र्याकडं बघितलं. कुत्र्यानं मिशा चाटल्या.

"कुत्र्याची तब्येत लय झकास हाय, मामा."

मुंजाजीनं आढ्याकडं बघितलं. "देवाची कृपा."

"दोन शेरांत असंच व्हतं," लिंबाजी म्हणाला. "आन् बाज मागल्या दाराला का टाकली? वारं तर पुढून येतंय."

मागचं दार आणि पोटाची घाई यांचं नातं लिंबाजीइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नव्हतं.

मुंजाजीनं दबक्या आवाजात विचारलं, "मनकर्णा कुठाय?"

"चुलीपाशी."

"मग ऐक. माझ्या सोयरिकीच्या येळेला मी बी लोटा खाली केला. सुपारी फुटेना. तेवढ्यात म्हैस सुटली, म्हैस सुटली असं वरडत मी नदीकडं पळालो. सासरा खूश झाला. म्हणला, पोरगं कामाला वाघ हाय."

"नशीब तुमचं, म्हैस सुटली."

"सुटली कशाची? आत जाताना मीच दावं ढिलं करून ठिवलं व्हतं."

लिंबाजीला हसावं की पाया पडावं कळेना. "मग मला का मोडलं, मामा?"

"तू निस्ता पळालास. म्हैस तरी सोडायची," मुंजाजी म्हणाला. आणि मग, जरा ओशाळून, "भावकीपुढं मी दुसरं काय बोलणार व्हतो?"

लिंबाजीनं पुरचुंडी सोडली. मुंजाजीनं तुकडा नाकाशी नेला आणि लांब धरला. "साबण?"

"मी बी तेच म्हणलं व्हतं. आधी म्हशीला लावला."

मुंजाजीनं खाल्लं. दोघं वाट बघत बसले. दुखणाईत आणि पाहुणा एकमेकांच्या पोटाकडं इतक्या आशेनं कधी बघत नसतील. दिवेलागण झाली, काहीच झालं नाही. मुंजाजीनं हात पुढं केला. "अजून दे." लिंबाजीनं दिलं नाही. डॉक्टरांचा अंगठा त्याच्या लक्षात होता. रोज एवढंच, आणि वर पाणी भरपूर, असं सांगून बाकीची पुरचुंडी त्यानं उशाशी ठेवली.

निघताना परसात मनकर्णा उभी होती. भिंतीआडून तिनं सगळं ऐकलं होतं, त्यात दावं ढिलं केल्याचंसुद्धा.

"कसं करत्यात ते?"

लिंबाजीनं मिनेझिसांकडून ऐकलेलं सांगितलं. कोमट दूध, चार थेंब चीक, घट्ट झालं की सुरीनं कापायचं, जरा गरम करायचं, निवळी काढायची, मीठ चोळून फडक्यात बांधून पाट्याखाली दाबायचं. मग वाळत ठेवायचं, उलटंपालटं करायचं, खाऱ्या पाण्याच्या फडक्यानं पुसत राहायचं.

"आन् मग?"

"मग धीर धरायचा."

"तो हाय माझ्यापाशी," मनकर्णा म्हणाली.

तिनं बापाला विचारलं तेव्हा मुंजाजी बाजेवर उठून बसायला निघाला. "माझ्या घरात दूध नासवायचं? माझ्या जिवंतपणी?"

"तुमी कुत्र्याला घालायलाव, ते काय नैवेद्य हाय?"

मुंजाजी परत आडवा झाला.

श्रावणात तिनं सुरुवात केली. पहिल्या वडीला निळी दाढी फुटली, ती कुत्र्यानंही हुंगून सोडली. दुसरी तडकली. तिसऱ्या वेळी तिनं लोट्याची धार काढली. त्याच तापट म्हशीची, आणि मापून त्याच लोट्यात. ती वडी रांजणाखालच्या ओल्या, गार वाळूत मडक्यात ठेवली आणि पोटच्या पोरासारखी उलटीपालटी केली. तोवर पूर्णेहून परभणीमार्गे येणाऱ्या कुणा ना कुणाच्या हाती मुंजाजीसाठी पुरचुंड्या येत राहिल्या. दिवाळीला मुंजाजी काठी घेऊन अंगणात आला. दिनकररावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, हाडवैद्यानं हाड जोडलं, चुना वडीनं पुरवला, आणि दोघांपेक्षा जास्त काम मागच्या दाराची धावपळ थांबली त्यानं केलं.

माघ आला. किशनराव आले. "भुजंगाकडं निरोप धाडू?"

"थांबा," मुंजाजी म्हणाला. "पूर्णेचं पोरगं पुन्हा लोट्याला बसायचं म्हणायलंय."

"ते? ते तर मागल्या दारानं पळालं व्हतं."

"आता पळायचं न्हाई."

मंडळी जमली. मागच्या माघात होती तीच. लिंबाजी घामानं डबडबला होता. त्याला एवढंच माहीत होतं की मुंजाजीनं बोलावलंय. मनकर्णानं आतून ताट आणून समोर ठेवलं. ताटात लोटा होता, रिकामा, आणि शेजारी मुठीत मावेल एवढी पिवळी, वाळकी गोल वडी.

"लोटा खाली हाय," किशनराव म्हणाले.

"दूध ताटात हाय. श्रावणात याच लोट्यानं मापून काढलंय, लाथ मारणारीचंच हाय."

"हे दूध? हा तर दगड हाय."

"मग दगड पचवणारा जावाई वंगाळ कसा?"

"मुंजाजी, रीत पिण्याची हाय."

"रीत पोटात ठिवायची हाय, दाजी. प्यायलेलं तर कोण बी पितंय." एवढं म्हणून मुंजाजी थांबला. काठीवर भार टाकून तो उभा राहिला आणि सगळ्या भावकीकडं एकदा बघून घेतलं. "मी बी प्यालो व्हतो. पोटात न्हाई ठिवता आलं. म्हैस मीच सोडली व्हती."

मुंजाजीची मान खाली गेली होती, पण तो बसला नाही.

लिंबाजीनं वडी उचलली आणि चावा घेतला. ती मावशीच्या चाकासारखी मुरलेली नव्हती, मीठ जरा जास्त होतं, एका कडेला धुराचा वास होता. लिंबाजीला तसली वस्तू पुन्हा आयुष्यात मिळाली नाही. अंगठ्याचा नियम त्यानं त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. चावत राहिला. लोटा घटाघटा संपतो, वडीचं तसं नाही. मंडळी त्याच्या जबड्याबरोबर मान हलवत बसली. शेवटी त्यानं ताट पालथं करून दाखवलं आणि मांडी घालून बसला.

किशनरावांनी सुपारीला अडकित्ता लावला आणि मुद्दाम फोडली नाही. सगळे लिंबाजीच्या पोटाकडं बघत होते. एकटी मनकर्णा दाराआड उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. आणि लिंबाजीला फक्त तहान लागली होती.

"टिकलं," किशनराव शेवटी म्हणाले, आणि सुपारी फुटली.

पान खाऊन झाल्यावर त्यांनी लिंबाजीला बाजूला घेतलं. आवाज उतरवून विचारलं, "ते खाल्ल्यावर गुरगुरत न्हाई?"

"बिलकुल न्हाई, मामा."

"आन् जुनं दुखणं असलं तर? म्हंजे असंल कुणाचं."

लिंबाजीनं खिशातली पुरचुंडी काढून त्यांच्या मुठीत ठेवली.

पुढं लिंबाजी आणि मनकर्णानं पूर्णेत संसार केला. गोठ्याच्या कोनाड्यात वडीचं चाक कायम असायचं. मिनेझिसांची बदली झाली, नंतर निजामाचं राज्यही गेलं, कोनाडा रिकामा झाला नाही. शेवटपर्यंत कडूबाई त्या वस्तूला नासलेलं दूधच म्हणायची, आणि भाकरीबरोबर रोज खायची. हरणीच्या कानात माफी मागणं मात्र तिनं सोडलं नाही. म्हशीला काय वाटलं कळायला मार्ग नाही, पण ती आटली नाही.

लग्नाच्या जेवणाचं तेवढं सांगायचं राहिलं. गवळ्यांचं लग्न, पानात बासुंदी. नवऱ्या मुलाला आग्रह, मुलीच्या बापाला आग्रह, किशनरावांना तर फारच. भरल्या पंगतीत नाही कसं म्हणायचं? तिघांनीही वाट्या संपवल्या. मागचा भात येत होता तेवढ्यात मुंजाजीनं काठी उचलली.

"म्हैस सुटली वाटतं," तो म्हणाला आणि उठला.

"थांबा मामा, मी बी येतो धरायला," म्हणत नवरा मुलगा मुंडावळ्यांसकट उठला.

"दोघांना आवरायची न्हाई ती," किशनराव म्हणाले, आणि धोतर सावरत त्यांच्या मागं निघाले.

पंगतीनं गोठ्याकडं बघितलं. सगळ्या म्हशी दावणीला बांधलेल्या, शांतपणे रवंथ करत होत्या. मनकर्णानं बाशिंगाखालची मान वर न करता पाण्याचा तांब्या उचलून पुढं धरला.

"डावीकडनं जावा," ती म्हणाली.